शंका-समाधान : इतक्या अक्षरी, अमुक अक्षर असलेला शब्द

शब्दकोड्यांच्या पानाबद्दल आलेल्या पत्रांपैकी पुण्यातली काही पत्रे या वेळी एकत्र घेतली आहेत, कारण सगळ्यांचे दुखणे जवळपास एकच आहे. घरे मोजलेली आहेत, एकदोन अक्षरे सापडलेली आहेत आणि शब्द काही केल्या आठवत नाही. पत्रे थोडक्यात दिली आहेत. नावांऐवजी भाग तेवढा छापला आहे.

'स्वातंत्र्य' हा शब्द किती अक्षरी? कोड्यात तीन घरे होती. मोबाइलवरचा अक्षरमोजणी कार्यक्रम अकरा म्हणतो, मुलगा सहा म्हणतो. घरात मतभेद आहेत. (कोथरूड)

कोड्यापुरते तीनच : स्वा, तं, त्र्य. मराठी कोड्यात एका घरात एक अख्खे अक्षर बसते. म्हणजे व्यंजन, त्याला जोडलेली अर्धी व्यंजने, काना-मात्रा-वेलांटी-उकार आणि वर अनुस्वार असेल तर तोही, सगळे एकाच घरात. अनुस्वाराला वेगळे घर नाही, विसर्गाला नाही. रफार ज्याच्या डोक्यावर दिसतो त्याच्याच घरात राहतो. म्हणून 'पर्वती' तीन घरांची : प, र्व, ती. स्वतंत्र स्वर मात्र पूर्ण घर घेतो, म्हणून 'मंडई'सुद्धा तीनच : मं, ड, ई.

मुलाचे सहा कुठून आले तेही सांगतो. स, व, त, त, र, य ही सहा व्यंजने आहेत आणि त्यांपैकी तिघांचे पाय मोडलेले आहेत. सहातून तीन वजा केले की तीन. हाच हिशेब कुठल्याही शब्दाला लागू पडतो : व्यंजने आणि सुटे स्वर मोजा, पाय मोडलेली व्यंजने वजा करा, उरतील तेवढी घरे. 'लक्ष्मी'त ल, क, ष, म अशी चार व्यंजने, त्यांतली दोन मोडलेली, म्हणजे घरे दोन. 'विश्रामबागवाडा' सात घरांचा, 'स्वारगेट' चार, 'तुळशीबाग' पाच. मोबाइल अकरा म्हणतो, कारण संगणकाच्या लेखी काना, अनुस्वार आणि पाय मोडण्याचे चिन्ह ही प्रत्येकी वेगळी खूण आहे. त्याचेही चुकत नाही, तो वेगळीच गोष्ट मोजतो.

चार अक्षरी शब्द, दुसरे 'ळ', चौथे 'ट'. क्लू : 'निसटण्याची सोय'. क, का, कि, की करत बाराखडी अर्धी झाली आणि चहा गार झाला. (सदाशिव पेठ)

'पळवाट'. पण उत्तरापेक्षा रस्ता महत्त्वाचा आहे, आणि तुम्ही धरला होता तो सगळ्यात लांबचा. पहिले अक्षर माहीत नसेल तर सुरुवातीकडून जाऊ नये, शेपटाकडून यावे. मराठी शब्दांची शेपटे मोजकी असतात, आणि जिथे 'ट' शेवटी येतो तिथे ती आणखी मोजकी होतात : कट, पट, चट, वट, वाट, पाट. यांतले एकेक घेऊन तिसरे घर भरा. मग 'ळ'च्या आधी काय येईल ते कानालाच सुचते.

'कट' घेतले की बळकट, मळकट, कळकट. 'पट' घेतले की काळपट, तळपट. 'चट'ला गुळचट. 'वट'ला मळवट. 'वाट'ला पळवाट, 'पाट'ला पोळपाट. दोन मिनिटांत नऊ शब्द झाले, तेही कोश न उघडता. आता क्लू पाहा. 'निसटण्याची सोय' हे नाम आहे, म्हणून बळकट, मळकट, कळकट, काळपट, गुळचट ही सगळी विशेषणे एका फटक्यात बाद. उरलेल्या तळपट, मळवट, पळवाट, पोळपाट यांतून निवडायला अडचण नसावी. क्लू 'भक्कम' असता तर उलटे झाले असते : नामे बाद आणि 'बळकट' हातात.

तिसरे घर आधीच सापडलेले असेल तर काम आणखी सोपे. तिथे 'वा' असेल तर या यादीत पळवाट एकटीच उरते. 'क' असेल तर मात्र बळकट, मळकट, कळकट तिघेही दावेदार असतात आणि पहिल्या घरातून जाणारा उभा शब्द सुटेपर्यंत पेनने काही लिहू नये. पेन्सिल वापरावी, पुण्यात खोडरबर मिळतात.

पाच अक्षरी, तिसरे 'व', शेवटचे 'क'. असे कोडे महिन्यातून एकदा तरी येते आणि दर वेळी वेगळाच शब्द निघतो. (औंध)

निघणारच, कारण 'वणूक' हे शेपूट मराठीत भरपूर राबते : मिरवणूक, फसवणूक, अडवणूक, सोडवणूक, गुंतवणूक, साठवणूक, पिळवणूक, छळवणूक, नागवणूक. सगळे पाच घरांचे, तिसरे 'व', चौथे 'णू', पाचवे 'क'. म्हणून या साच्यात तिसरे आणि पाचवे घर कळून फारसा फायदा होत नाही. दुसरे घर मिळवायचे. दुसरे 'र' असेल तर मिरवणूक, 'स' असेल तर फसवणूक, 'त' असेल तर गुंतवणूक, 'ठ' असेल तर साठवणूक. 'ड' आला तर अडवणूक की सोडवणूक आणि 'ळ' आला तर पिळवणूक की छळवणूक, हे क्लूनेच ठरेल.

चौथे घर 'णू' निघाले नाही तर संस्कृत शेपटाकडे वळा : परिवर्तक, परावर्तक. यांतही तिसरे 'व' आणि शेवटी 'क' आहे, चौथे घर 'र्त'.

उभा शब्द 'ळ'ने सुरू होतो आहे. आडवा शब्द 'पद्म', तीन अक्षरी, म्हणून 'कमळ' लिहिले होते. 'ळ'ने सुरू होणारे शब्द कुठे मिळतील? (नारायण पेठ)

कुठेच नाही. प्रमाण मराठीत 'ळ'ने शब्द सुरू होत नाही. असे झाले की उभा शब्द शोधत बसू नका, आडवा तपासा. इथे 'कमल' असणार आणि उभा शब्द 'ल'चा. कमल-कमळ, फल-फळ, मंगल-मंगळ, केवल-केवळ या जोड्यांत कोडेकाराने कुठला घेतला हे छेदणारे घरच सांगते. 'ण'चेही जवळपास तेच : प्राकृतातून आलेला 'णमोकार' सोडला तर व्यवहारात काही हाती लागत नाही. रफाराचे घर, म्हणजे र्व, र्त, र्म, शब्दाच्या तोंडी येऊच शकत नाही. मात्र 'ऱ्ह' येते : ऱ्हास, ऱ्हस्व. ही दोन ध्यानात ठेवा, कोडेकारांना ती फार आवडतात.

मी संगणकावर काम करते. मराठी शब्दांची मोठी यादी घेऊन 'दुसरे ळ, चौथे ट' असे थेट शोधता येईल का? टिंबे टाकून केलेला नेहमीचा शोध भलतेच शब्द देतो. (हिंजवडी)

येईल. टिंबांचा शोध का फसतो ते आधी. अशा शोधात एक टिंब म्हणजे एक खूण, एक घर नव्हे. चार टिंबांत 'मराठ' बसते, कारण काना ही स्वतंत्र खूण आहे, आणि 'मराठी' मात्र बसत नाही. म्हणून शोधण्याआधी प्रत्येक शब्द घरांत तोडून घ्यायचा. एकदा तोडला की शोध अगदी साध्या गाळणीने होतो.

यादी म्हणून लिब्रेऑफिस किंवा फायरफॉक्सला लागणारी हनस्पेलची मराठी शब्दतपासणी फाइल चालते. त्यात एका ओळीत एक शब्द असतो, पहिल्या ओळीत फक्त शब्दसंख्या असते आणि काही शब्दांपुढे तिरकी रेघ मारून खुणा लिहिलेल्या असतात. पहिली ओळ आणि तिरक्या रेघेपासूनचा भाग उडवा. यादी गुगल शीट्सच्या पहिल्या स्तंभात टाका.

मग दुसऱ्या स्तंभात रेजएक्सरिप्लेस हे फंक्शन लावा (नाव अर्थातच रोमन अक्षरांत टाइप करायचे). त्याला तीन गोष्टी लागतात : शब्दाचा चौकोन, साचा आणि बदली मजकूर. साचा असा :

(([क-ह]्)*[क-हअ-औॲ][ा-ौंँः]*)

बदली मजकूर म्हणून डॉलरचे चिन्ह, त्याला लागून इंग्रजी एक आणि उभी रेघ. साच्याचा अर्थ : पाय मोडलेली कितीही व्यंजने, मग एक पूर्ण व्यंजन किंवा स्वर, मग त्याच्या मात्रा आणि अनुस्वार. 'मिरवणूक'चे 'मि|र|व|णू|क|' होते. तिसऱ्या स्तंभात स्प्लिट फंक्शनने उभ्या रेघेवर तोडा. प्रत्येक घर आपापल्या स्तंभात जाऊन बसते. सूत्रे खालपर्यंत ओढा, तोडलेले स्तंभ 'फक्त मूल्ये' म्हणून दुसऱ्या पानावर चिकटवा, नाहीतर यादी मोठी असल्यावर शीट रडत राहते. आता गाळणी लावा : दुसरे घर 'ळ', चौथे 'ट', पाचवे रिकामे. 'पाचवे रिकामे' विसरलात तर पाच-सहा घरांचे शब्दही येतील.

'क-ह' या पट्ट्यात 'ळ' आणि 'ऱ' आपोआप येतात, कारण युनिकोडमध्ये त्यांची जागा 'र' आणि 'ल' यांच्या शेजारी आहे. 'ॲ' मात्र 'अ ते औ' या पट्ट्याबाहेर, पार शेवटाकडे आहे. म्हणून तो साच्यात वेगळा लिहिला आहे. तो गाळलात तर 'ॲप'सारखा शब्द चुकीचा तुटेल.

साचा टाइप करतानाच बहुतेकांची गाडी अडते. चौकटी कंसानंतर सुटी मात्रा लागते, आणि उच्चाराप्रमाणे टाइप करायच्या कळफलकावर काना मागितला की 'आ' उमटतो. इनस्क्रिप्ट कळफलकावर सुटी मात्रा टाइप होते. तो चालू करा. पडद्यावर मात्रेखाली ठिपक्यांचे वर्तुळ दिसेल. घाबरू नका, ते फक्त दाखवण्यापुरते असते.

पुढे काय बिघडते? एक म्हणजे अदृश्य खुणा. बऱ्याच जुन्या मजकुरात जोडाक्षर हवे तसे दिसावे म्हणून मध्ये न दिसणारी जोडखूण घातलेली असते आणि साचा तिथे तुटतो. तोडण्याआधी सब्स्टिट्यूट फंक्शनने ८२०५ आणि ८२०४ या क्रमांकांच्या खुणा काढा. यूनिकॅर फंक्शनला हे अंक दिले की त्या खुणा मिळतात. दुसरे, 'ॲ' काही ठिकाणी एक खूण म्हणून असतो तर काही ठिकाणी 'अ'वर चंद्र देऊन दोन खुणांचा. दिसायला सारखे, गाळणीला वेगळे. सगळे एकाच पद्धतीचे करून घ्या. तिसरे, 'विद्वान्'सारखे जुन्या पद्धतीचे पाय मोडलेले शेवट. तिथे मोडका पायच वेगळे घर म्हणून उरतो. शब्दाच्या अखेरची अशी खूण आधी पुसा. आणि जुन्या, युनिकोडपूर्व फॉन्टातल्या पीडीएफमधून उचललेला मजकूर घेऊच नका. तो दिसतो मराठी, चिकटवल्यावर चिन्हांचा काला होतो.

शेवटी यादीतल्या शब्दांवर डोळे मिटून विश्वास नको. शब्दतपासणीच्या फाइलीत विभक्ती लागलेली रूपेही असू शकतात, आणि कोडेकार 'पळवाटेने' घालणार नाही.

माझ्याकडे दाते-कर्वे यांचा कोश आहे. हवा तो शब्द त्यात सापडत नाही असे फार वेळा होते. कोश अपुरा की मी? (बिबवेवाडी)

दोघेही नाही, लेखनपद्धत वेगळी. 'महाराष्ट्र शब्दकोशा'चे सात विभाग १९३२ ते १९३८ या काळात पुण्यातूनच निघाले आणि पुरवणी १९५० साली. तेव्हा गांव, नांव, कांहीं असे अनुस्वार देऊन लिहायची रीत होती. मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे नियम १९६२ साली आले, त्यांत १९७२ साली भर पडली, आणि उच्चारात नसलेले हे अनुस्वार गेले. मोल्सवर्थचा कोश, ज्याची दुसरी आवृत्ती १८५७ची, त्याहून जुना. तिथेही हीच काळजी घ्या. घरांच्या हिशेबाला फरक पडत नाही, कारण अनुस्वार घर खात नाही. 'गाव' आणि 'गांव' दोन्ही दोन घरांचे. फरक पडतो तो कोशातल्या जागेला. अनुस्वारयुक्त शब्द काही कोशांत त्या अक्षराच्या सुरुवातीला लावतात, काहींत अनुस्वाराचा उच्चार ज्या अनुनासिकाचा होतो त्याच्या जागी. म्हणून दोन्हीकडे बघायचे.

'क्ष' आणि 'ज्ञ' यांचेही तसेच. कुठे ते 'क' आणि 'ज'च्या पोटात जोडाक्षरांमध्ये असतात, कुठे थेट 'ळ'च्या पुढे, कोशाच्या अखेरीला. साधी जोडाक्षरे त्या व्यंजनाच्या सगळ्या मात्रा संपल्यावर येतात : कौ झाला की मग क्य, क्र, क्ल.

मोल्सवर्थ आणि दाते-कर्वे हे दोन्ही कोश शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर शोधता येतात. तिथेही 'नाव' नाही मिळाले तर 'नांव' टाकून पाहा. छापील प्रत हवी असेल तर अप्पा बळवंत चौकात चौकशी करा, सुटे विभाग घेताना मात्र पाने मोजून घ्या.

'मिरवणूक' दीर्घ की ऱ्हस्व? छेदणाऱ्या उभ्या शब्दात 'णु' आहे. (रविवार पेठ)

'णू' दीर्घ. शेवटचे अक्षर अकारान्त असले की मराठी शब्दात त्याच्या आधीचा इकार-उकार दीर्घ : फूल, बहीण, मिरवणूक. संस्कृतातून जसेच्या तसे आलेले शब्द याला अपवाद, म्हणून गुण, मंदिर. शेवटी काना, वेलांटी वगैरे आली की आधीचा ऱ्हस्व : मुळी, पिढी, मिरवणुकीत. उभ्यात 'णु' येत असेल तर दोघांपैकी एक चुकला आहे. काही कोडेकार ऱ्हस्व-दीर्घाकडे काणाडोळा करतात. आमच्या मते ती सवलत नसून आळस आहे.

सोसायटीच्या गणेशोत्सवात शब्दकोडे ठेवायचे आहे. पहिल्यांदाच बनवतो आहोत. आडवे शब्द छान बसतात, उभे कुठेतरी अडकतात. (सिंहगड रोड)

अडकतात ते बहुधा कडेला. सभागृहात सोडवायला सात गुणिले सात, म्हणजे ४९ घरांची चौकट पुरे. नऊ गुणिले नऊ घेतलीत तर आरतीची वेळ होईल. आधी चारही कडा भरा, मग मधला भाग. वरच्या ओळीतल्या प्रत्येक घरातून एक उभा शब्द सुरू होतो आणि डाव्या कडेच्या प्रत्येक घरातून एक आडवा. म्हणून या दोन कडांना 'ळ', 'ण' किंवा रफार असलेला शब्द टाकू नका. 'तुळशीबाग' वरच्या ओळीत फार मोहात पाडते, पण 'ळ'खाली काळे घर द्यावेच लागते. 'मिरवणूक' टाकली तर 'णू'खालीही. 'पर्वती' डाव्या कडेला उभी लावली की 'र्व'पाशी आडवा शब्द मरतो.

उजवी कड आणि तळाची ओळ यांचे दुखणे उलटे. तिथे प्रत्येक घरात कुठलातरी शब्द संपतो. मराठीत शब्दाच्या शेवटी ऱ्हस्व इकार-उकार जवळजवळ नसतो. कवी, गती, बुद्धी हे संस्कृत शब्दही आपण दीर्घच लिहितो. आणि, परंतु, तथापि अशी मोजकी अव्यये सोडली तर काही नाही. म्हणून 'कविता' उजव्या कडेला उभी लावली की 'वि'वर संपणारा आडवा शब्द मिळत नाही. 'बुद्धिबळ'चा 'बु' आणि 'द्धि' तसेच छळतात. कडांना 'सवलत', 'कलाकार' यांसारखे शब्द घ्या : त्यांचे प्रत्येक अक्षर शब्दाच्या तोंडीही चालते आणि शेवटीही.

जोडाक्षर शक्यतो छेदावर नको, काळ्या घरांच्या मध्ये ठेवा. छेदावर ठेवायचेच तर प्र, स्व, व्या, श्री यांसारखे सुरुवातीला चालणारे घ्या. अनुस्वार दोन्हीकडे सारखा असावा. 'सिंहगड' आडवा असेल तर 'सिं'मधून 'सिंधू' जाऊ द्या, 'सिनेमा' नको. चौकट उलटी फिरवली तरी काळी घरे त्याच जागी यावीत हा इंग्रजी कोड्यांचा दंडक आहे, मराठीत तो पाळलाच पाहिजे असे नाही. छापायच्या आधी उत्तरे झाकून, चौकट न बनवलेल्या माणसाकडून एकदा सोडवून घ्या. ज्या घरात दोन उत्तरे बसतात ते त्यालाच दिसते : 'बळकट' तुम्हाला हवे असते, तो 'मळकट' लिहितो, आणि पहिल्या घरातून उभा शब्दच जात नसतो.

'दुसऱ्या' दोन अक्षरी की तीन? (येरवडा)

तीन : दु, स, ऱ्या. संगणकावर शोधत असाल तर दोन्ही प्रकारे टाकून पाहा. 'ऱ' ही स्वतंत्र खूण वापरून एक, आणि साध्या 'र'ला पाय मोडून पुढे अदृश्य जोडखूण घालून दुसरा. हिंजवडीच्या उत्तरात सांगितल्याप्रमाणे जोडखूण पुसलीत तर या दुसऱ्या प्रकाराचा 'दुसर्या' होतो, म्हणून पुसण्याआधी तो 'ऱ'मध्ये बदलून घ्या.